साखळीची ढील आणि चाकांची चाकोरी
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. साक्षरतेच्या वर्गात मोटारसायकलची साखळी कशाला, असे मनात येईल. पण आम्ही हा विषय मुद्दाम निवडला आहे. तुम्ही आता आकडे वाचता. पट्टीवरची मापे वाचता. बेरीज-वजाबाकी करता. ही विद्या पाटीवर ठेवण्यासाठी नाही. ती दारातल्या यंत्रावर चालवून पाहायची आहे.

साखळीचे काम असे आहे की ते अंदाजाने केले तर कधी जिवावर बेतते आणि मापाने केले तर तासाभरात होते. त्याला मोठी हत्यारे लागत नाहीत. एक पट्टी, एक खडू, एक दोरी आणि चार पाने पुरतात. आणि लागते ती मोजण्याची सवय.

कोणती गाडी?

आपल्याकडे जुन्या मोटारसायकली अजून पुष्कळ आहेत. कुणी त्यांवर दुधाचे कॅन लादतो, कुणी बाजाराला भाजी नेतो, कुणी बायकोमुलांना घेऊन जत्रेला जातो. बुलेट गाडी १९५५ सालापासून मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, तयार होऊ लागली. जावा आणि पुढे येझदी या गाड्या म्हैसूरला होत. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. राजदूतही आता निघत नाही. कारखाने थांबले, पण गाड्या थांबल्या नाहीत. त्या चालतात त्या मालकाच्या काळजीवर.

आज आपण जुनी ३५० ची बुलेट डोळ्यांपुढे ठेवू. जिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे, ती. दुसरी गाडी असेल तर खिळे-नट थोडे निराळे दिसतील, पण तत्त्व तेच राहील.

साखळी लांबते कशी?

इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवते ती साखळी. पुढे लहान दातेरी चाक, मागे मोठे दातेरी चाक. गॅरेजात त्यांना स्पॉकेट म्हणतात. साखळीचा वरचा पदर इंजिन पुढे ओढते आणि त्या ओढीने मागचे चाक फिरते. खालचा पदर सैल परत जातो.

साखळीची एक कडी हातात घेऊन नीट पाहा. बाहेर दोन पट्ट्या, आत दोन पट्ट्या. मध्ये एक पिन. पिनेवर एक नळी आणि नळीवर फिरणारा रूळ. ही रचना हान्स रेनॉल्ड या कारागिराने १८८० साली इंग्लंडात मँचेस्टरला बसवली. तो जन्माने स्वित्झर्लंडचा. तेव्हापासून सायकल असो की मोटारसायकल, साखळीचा साचा तोच आहे.

लोक म्हणतात, साखळी ताणून लांब झाली. पण लोखंडाची पट्टी रबरासारखी ताणत नाही. झिजते ती पिन आणि नळी. प्रत्येक सांध्यात थोडी झीज होते आणि तेवढी पोकळी पडते. थेंबे थेंबे तळे साचे, तसे हे आहे. आता हिशेब करू. समजा, साखळीत १०० सांधे आहेत. प्रत्येक सांधा दहावा भाग मिलिमीटर झिजला. म्हणजे तुमच्या वहीच्या एका पानाची जाडी, एवढेच. तर १०० सांध्यांचे किती झाले? १० मिलिमीटर. म्हणजे पुरा एक सेंटिमीटर. डोळ्यांना कुठेच झीज दिसत नाही आणि साखळी मात्र बोटभर रुंदीची लांबली!

ही लांबी खेचून घेण्यासाठी मागचे चाक मागे सरकवावे लागते. किती? कुणी म्हणेल १० मिलिमीटर. नाही. साखळीला दोन पदर आहेत, एक वरचा आणि एक खालचा. चाक ५ मिलिमीटर मागे गेले की दोन्ही पदरांत मिळून १० मिलिमीटर खेचले जातात. म्हणून चाक निम्मेच सरकवायचे. हा हिशेब ज्याला कळला, तो पाना हाती घेऊन भसाभस फिरवणार नाही.

सैल का ठेवायची?

पुष्कळांची समजूत अशी की साखळी जितकी ताठ तितकी चांगली. वीणेची तार ताठ असावी, साखळी असू नये. साखळीला थोडी ढील हवीच. ती का, ते तुमच्याच हातावर पाहू.

उजवा हात पुढे करा. कोपरात थोडा वाकवा. तुमचा खांदा म्हणजे पुढचे लहान दातेरी चाक. कोपर म्हणजे मागचा चिमटा जिथे चौकटीला जोडलेला असतो ती जागा. मनगट म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल. आता कोपर सरळ करा. खांद्यापासून मनगटाचे अंतर वाढले की नाही? वाढले. गाडीतही असेच होते. गाडी मोठ्या स्टँडवर उभी असते तेव्हा मागचे चाक खाली लोंबते आणि हात वाकलेला असतो. दोन माणसे बसली, खड्डा आला, की चाक वर येते. तिन्ही जागा एका ओळीत येतात आणि हात सरळ होतो. त्या वेळी साखळी सर्वांत तंग होते. स्टँडवर उभ्या गाडीची साखळी ताठ केली असेल तर या वेळी तिला जायला जागाच उरत नाही.

मग काय होते? साखळी गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. मागच्या चाकाचे बेअरिंग खाते. दात झिजवते. आणि एखाद्या दिवशी भर वेगात तुटते. अति तेथे माती, ती अशी.

आता उलट बाजू. साखळी फार सैल असेल तर ती उड्या मारते, पत्र्याच्या आवरणावर आपटते, आणि खड्ड्यात दातांवरून उतरते. उतरलेली साखळी दातेरी चाक आणि चौकट यांच्यामध्ये अडकली तर मागचे चाक जागच्या जागी बसते. गाडी घसरते. मागे बसलेल्या माणसाला सावरायला पळभर मिळत नाही. तेव्हा हा नुसता आवाजाचा किंवा पेट्रोलचा प्रश्न नाही. गाडीवर बसलेल्या जिवांचा प्रश्न आहे.

आधी बोटे सांभाळा

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. गाडी न्यूट्रलमध्ये. साखळी फिरवायची ती मागचे चाक हाताने हळू फिरवून.

काही मंडळी गाडी स्टँडवर लावतात, इंजिन चालू ठेवतात, गिअर टाकतात आणि फिरत्या साखळीवर फडके धरतात. साखळी लवकर पुसली जाते, असे त्यांना वाटते. पण फडके दातात सापडले की फडक्याबरोबर बोटही जाते. डोळ्याचे पाते लवण्याआधी बोटाचे पेर तुटते. असे काम कधी करू नका आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवा. हाताने चाक फिरवतानाही बोट साखळी आणि दात यांच्यामध्ये नेऊ नका. लहान मुले जवळ असतील तर त्यांना दूर बसवा. मुलांना फिरते चाक फार आवडते.

ढील मोजणे

गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर उभी करा. साखळीचा खालचा पदर पाहा. पुढचे आणि मागचे दातेरी चाक यांच्या बरोबर मध्यावर पट्टी उभी धरा. बोटाने साखळी खाली दाबा आणि पट्टीवरचा आकडा वाचा. मग वर उचला आणि आकडा वाचा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे ढील. समजा, खाली ४२ आणि वर ७०. तर ७० वजा ४२ म्हणजे २८ मिलिमीटर. जुन्या बुलेटला सामान्यतः २५ ते ३० मिलिमीटर ढील ठीक. जुन्या मापाने एक इंच किंवा किंचित जास्त. गाडीचे पुस्तक घरात असेल तर त्यात लिहिलेले माप खरे मानावे. तुम्ही आता ते वाचू शकता.

पण एकाच जागी मोजून काम संपत नाही. साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडे थोडे फिरवून पाच-सहा जागी मोजा. एके ठिकाणी ढील ३५ भरेल, दुसऱ्या ठिकाणी २२. जिथे ढील सर्वांत कमी, तिथे टायरवर खडूने खूण करा. माप ठरवायचे ते या सर्वांत तंग जागेवर. सैल जागा पाहून साखळी ओढली तर तंग जागा वाजवीपेक्षा जास्त तंग होते आणि मघाशी सांगितलेले सगळे दोष लागतात.

चाक सरकवणे

आपल्या बैलगाडीत ज्याला कणा म्हणतात, तोच मोटारसायकलीत एक्सल. चिमट्याच्या दोन टोकांना लांबट खाचा असतात आणि एक्सल त्या खाचांत मागेपुढे सरकतो. बुलेटला एक्सलच्या दोन्ही टोकांवर गोगलगाईच्या शंखासारखी एकेक चकती असते. तिच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. चकती फिरवली की एक्सल मागे ढकलला जातो. जावा, राजदूत अशा गाड्यांना चकतीऐवजी लांब बोल्ट आणि नट असतो.

क्रम असा ठेवा.

पहिले, नटात फाटकी पिन असेल तर ती सरळ करून काढा. एक्सलचे नट सैल करा, पुरते काढू नका. ब्रेकची तबकडी ज्या नटाने चिमट्याला धरलेली असते, तोही सैल करा.

दुसरे, मागच्या ब्रेकच्या सळईचा नट थोडा मोकळा करा. चाक मागे गेले की ही सळई ओढली जाते आणि ब्रेक आपोआप लागून राहतो. ब्रेक लागलेल्या चाकाने गाडी चालवली तर ढोल तापतो, पेट्रोल जळते आणि ब्रेकचे अस्तर फुकट जाते.

तिसरे, दोन्ही चकत्या सारख्या फिरवा. डावीकडे एक खाच, तर उजवीकडेही एक खाच. मोठ्याने मोजा. लाजू नका. बोल्टवाली गाडी असेल तर नटाला सहा बाजू असतात, त्या मोजा. इकडे दोन बाजू फिरवल्या, तर तिकडेही दोन. बैलजोडीत एक बैल पुढे आणि एक मागे राहिला तर नांगराचे तास वाकडे जाते. इथेही तसेच आहे.

चौथे, चाक पुढे ढकलून दोन्ही चकत्या आपापल्या खुंटीला टेकल्या आहेत ना, ते पाहा. मग खडूच्या खुणेवर ढील पुन्हा मोजा.

चाके एका चाकोरीत

ढील बरोबर आली. पण काम निम्मेच झाले. मागचे चाक सरळ आहे का?

चाकोरी हा शब्द तुम्हाला सांगायला नको. पांदीत बैलगाड्यांच्या चाकांनी जी वाट खोल पडते ती चाकोरी. मोटारसायकलला दोन चाके, पण चाकोरी एक. पुढचे चाक जिथून जाते, तिथूनच मागचे गेले पाहिजे.

कुणी विचारील, दोन्हीकडे सारख्या खाचा फिरवल्या, आता चाक वाकडे कसे राहील? नव्या गाडीत राहत नाही. पण जुन्या गाडीच्या चकत्या झिजलेल्या असतात. कधी एक चकती बदललेली असते. चिमट्यावरच्या खुणा गंजाने पुसलेल्या असतात. कधी गाडी पडलेली असते आणि चिमटाच किंचित वाकलेला असतो. म्हणून जुन्या गाडीच्या खुणांवर विसंबू नये.

आणि लहान चूक पुढे मोठी होते. समजा, एक्सलच्या दोन टोकांमध्ये २० सेंटिमीटर, म्हणजे २०० मिलिमीटर अंतर आहे. एक टोक दुसऱ्यापेक्षा २ मिलिमीटर मागे राहिले. २०० त २ म्हणजे १०० त १. आता पुढचे चाक मागच्या चाकापासून १३७ सेंटिमीटरवर आहे असे धरा. तर तिथे फरक पडेल सुमारे १४ मिलिमीटर. मागे दोन मिलिमीटर, पुढे दीड बोट! मग गाडी एका बाजूला ओढते, चालवणाऱ्याचे हात दुखतात, टायर एका अंगाने झिजते आणि साखळी दातांच्या कडेला घासत राहते.

हे पाहण्यासाठी गवंड्याची विद्या वापरू. गवंडी भिंत बांधताना डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. तो दोरी लावतो. आपणही दोरी लावू.

बारीक पण मजबूत दोरी घ्या. तिचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागून घ्या आणि दोन्ही टोके गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकाच्या पुढे न्या. दोन माणसे असली तर बरे. नसतील तर दोन विटांना टोके बांधा. हँडल सरळ धरा. दोरी स्टँडला, सायलेन्सरला, कशालाही अडता कामा नये. अडलेली दोरी खोटी साक्ष देते. दोरीला वाट नसेल तर सुताराकडून रंधून सरळ केलेल्या दोन लांब पट्ट्या लावा.

दोरी ताठ करून हळूहळू आत आणा. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला ती जेमतेम टेकली की थांबा. आता पुढच्या चाकापाशी जा. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील तर दोरी पुढच्या टायरलाही दोन्ही अंगांनी टेकेल. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना फट राहील. ती फट पट्टीने मोजा. डावी ५ आणि उजवी ५, तर चाके एका चाकोरीत आहेत.

समजा, डावी फट ८ आणि उजवी २ भरली. याचा अर्थ मागच्या चाकाचे तोंड डावीकडे वळले आहे. बुलेटची साखळी डाव्या अंगाला असते. डावे टोक हलवले तर आताच बसवलेली ढील बिघडेल. म्हणून डावे टोक तसेच ठेवा आणि उजवे टोक किंचित मागे घ्या. उजवी फट मोठी असेल तर उलट. उजवे टोक किंचित पुढे जाऊ द्या. पुन्हा दोरी पाहा. पुन्हा ढील मोजा. एकदा ढील, एकदा दोरी, असे दोन-तीन वेळा करावे लागेल. कंटाळू नका. पोळी दोन्ही अंगांनी भाजावी लागतेच.

चाके ओळीत आली की गाडीच्या मागे खाली बसा आणि एक डोळा मिटून साखळीच्या रेषेत पाहा. साखळी मागच्या दातेरी चाकावरून सरळ पुढे गेली पाहिजे. ती बाजूला वाकून जात असेल, किंवा दातांची एकच कड घासून चकाकत असेल, तर चिमटा वाकला आहे किंवा एखादा वायसर चुकीच्या जागी बसला आहे. हे काम चांगल्या कारागिराचे आहे. तिथे हट्ट करू नका. पण त्याच्याकडे जाताना नेमका दोष सांगा. ‘गाडी बरोबर नाही’ असे म्हणू नका. ‘चाके ओळीत आहेत, पण साखळी तिरकी जाते’ असे म्हणा. नेमके बोलणाऱ्या गिऱ्हाईकाचे काम कारागीरही नेमके करतो.

नट आवळल्यावर

आता नट आवळा. आवळताना चाक पुढे रेटून धरा, म्हणजे ते जागचे हलणार नाही. आवळल्यावर ढील आणि दोरी दोन्ही पुन्हा एकदा तपासा. आवळण्याच्या जोराने चाक हलते, म्हणून ही शेवटची तपासणी सोडू नका. फाटकी पिन नवी घाला. जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकवली की मोडते. ब्रेकच्या तबकडीचा नट आवळा. ब्रेकच्या सळईचा नट असा लावा की चाक हाताने मोकळे फिरेल आणि पाय दाबताच ब्रेक धरेल. ब्रेकचा मागचा दिवा लागतो का, तेही पाहा.

मग गाडी स्टँडवरून काढा. दोन माणसांना बसवा आणि तिसऱ्याने साखळीला हात लावून पाहावा. माणसे बसल्यावरही साखळी थोडी हलली पाहिजे. ती तारेसारखी ताठ झाली तर ढील कमी पडली.

साखळी बदलावी कधी?

साखळी धुण्यासाठी काढाल तेव्हा तिचे वय मोजा. जमिनीवर सरळ ताणून ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून सुरुवात करा आणि २४ कड्या मोजा. इथे घोटाळा होतो. कुंपणाचे खांब पाच असले तर मधल्या जागा चार असतात. तसेच २४ कड्यांना पिना २५ लागतात. म्हणून पहिल्या पिनेला शून्य म्हणा.

बुलेटची कडी पाच अष्टमांश इंचाची असते. २४ कड्या नव्या असताना बरोबर १५ इंच भरतात. सव्वापंधरा भरल्या तर साखळी बदलायची वेळ आली. अनेक हलक्या गाड्यांची कडी अर्ध्या इंचाची असते. तिथे २४ कड्यांचे १२ इंच होतात आणि सव्वाबारा भरले की बदल हवा. आणखी एक सोपी परीक्षा आहे. मागच्या दातेरी चाकाच्या अगदी पाठीमागच्या जागी साखळी चिमटीत धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर साखळी संपली. दात आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर दोन्ही दातेरी चाके साखळीबरोबरच बदला. नवी साखळी जुन्या दातांवर घालणे म्हणजे नवे धोतर काट्यांवर वाळत घालणे आहे.

साखळी जोडताना कुलूपकडी येते. तिच्यावर एक लहान चपटी क्लिप असते. तिचे एक तोंड बंद आणि दुसरे उघडे. बंद तोंड साखळी ज्या दिशेला धावते तिकडे हवे. वरच्या पदरात साखळी पुढे धावते. म्हणून क्लिप वरच्या पदरात असताना तिचे बंद तोंड पुढे असावे. मासा डोके पुढे करून पोहतो, शेपूट पुढे करून नव्हे. उलटी बसवलेली क्लिप कशाला तरी घासून निसटते आणि साखळी रस्त्यात सुटते.

वंगण आणि आवरण

बैलगाडीला वंगण लागते, तसे साखळीलाही लागते. जुन्या साध्या साखळीला घासलेटात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, सुकू द्यावे, मग जाडसर गिअर तेल थेंब थेंब द्यावे. गाडी फिरून आल्यावर साखळी कोमट असते, तेव्हा तेल सांध्यांत चांगले उतरते. खालच्या पदराच्या आतल्या अंगाला तेल द्या आणि चाक हाताने फिरवा. जास्तीचे पुसून टाका. ओल्या तेलावर धूळ बसते आणि धूळ-तेलाचे मिश्रण कानसीसारखे लोखंड खाते. टायरवर आणि ब्रेकवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका.

आता भगिनींसाठी दोन शब्द. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकात जाऊन माणसे दगावतात. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकलेला हवा, असे तो सांगतो. साखळीवरचे पत्र्याचे आवरण आणि चाकावरची जाळी खडखडते म्हणून काही जण काढून टाकतात. खडखड होत असेल तर स्क्रू आवळा. जाळी काढू नका. आणि घरच्या बाईने गाडीवर बसण्यापूर्वी स्वतः पाहावे, जाळी आहे की नाही. नसेल तर बसू नये आणि तसे स्पष्ट सांगावे.

वहीत लिहा

शेवटची गोष्ट वहीची. एक पान गाडीच्या नावाने ठेवा. साधारण दर ५०० किलोमीटरला साखळी तपासा आणि ओळ लिहा. तारीख. किलोमीटरचा आकडा. आधी ढील किती होती. नंतर किती ठेवली. किती खाचा फिरवल्या. डावी फट, उजवी फट. एवढेच.

या ओळी काही महिन्यांनी वाचून पाहा. पूर्वी एक खाच फिरवावी लागे आणि आता तेवढ्याच अंतराला तीन लागतात असे दिसले, तर साखळी शेवटाला आली हे ती तुटण्याआधी कळेल. आठवणीला हे जमत नाही. लिहिलेल्या आकड्याला जमते. सही करता येऊ लागली म्हणजे शिक्षण झाले, असे आम्ही मानत नाही. आपल्या घरच्या माणसांचा जीव ज्या यंत्रावर बसतो, त्याचे माप आपल्या हाताने घेणे आणि आपल्या अक्षरात लिहिणे, याला आम्ही साक्षरता म्हणतो.

आता घरी करायचे दोन हिशेब सांगतो. पहिला. साखळी खाली दाबल्यावर पट्टीवर ३६ आणि वर उचलल्यावर ८१ दिसले, तर ढील किती? ती योग्य आहे का? दुसरा. साखळी १२ मिलिमीटर लांबली, तर मागचे चाक किती मागे घ्यावे? उत्तरे वहीत लिहून आणा. आणि ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनी येताना तिच्या साखळीचे मापही आणावे. दोरी आणि पट्टी आम्ही वर्गात ठेवतो. ज्याला हवी त्याने न्यावी आणि काम झाले की परत आणून ठेवावी.